नाशिकमध्ये लोहारकाम शिकायला जागा द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत छंदवर्गांच्या याद्या येत असतात. मातीकाम, वारली, गिटार, केक, झुंबा. लोहारकाम त्यात कधी दिसलं नाही. मी अंबडच्या एका फॅब्रिकेशन कारखान्यात हिशेब बघते, पन्नाशीच्या जरा अलीकडची आहे आणि गेला पावसाळा संपल्यापासून घरामागच्या अंगणात लोखंड तापवून ठोकायला शिकते आहे. हे कळलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात: एवढा खर्च कसा झेपला? आणि तलवार कधी करणार? दोन्हींची उत्तरं द्यावीत आणि जाता जाता शहराकडे एक मागणीही करावी, म्हणून हे पत्र.

आधी खर्चाचं. परदेशातले व्हिडिओ बघून सुरुवात करणारा माणूस ऐरणीच्या किमतीपाशीच गार होतो. वास्तविक सातपूर आणि अंबड अशा दोन औद्योगिक वसाहती ज्या गावात आहेत तिथे भंगारवाला हाच आपला दुकानदार. माझी ऐरण म्हणजे गॅसकटिंगमधून उरलेला जाड प्लेटचा ठोकळा, वीतभर लांब आणि चार बोटं जाड, किलोच्या भावाने घेतलेला. तो आडवा न ठेवता उभा बसवला आहे. हातोडा पडतो त्याच्या बरोबर खाली जेवढं लोखंड जास्त, तेवढा घाव कामी येतो. खाली बाभळीचा ओंडका. उंची ठरवायला टेप लागत नाही. सरळ उभं राहून मूठ खाली सोडायची, ती जिथवर येते तिथे ऐरणीचा माथा. एवढं सांभाळलं नाही तर पहिली तक्रार कंबर करते.

याच व्हिडिओंमध्ये सर्रास सांगतात की रुळाचा तुकडा आणा, त्याच्यासारखी स्वस्त ऐरण नाही. तुकडा असतो चांगलाच. आपल्याकडचा रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलो भरतो, म्हणजे फूटभराचा तुकडाही पंधरा-अठरा किलोंचा. पण आपल्याकडे १९६६ चा रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दलचा कायदा आहे आणि त्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाशिकरोड, देवळाली, मनमाडच्या आसपास कोणी ‘ताई, रूळ देतो स्वस्तात’ म्हणालं तर लिलावाची पावती मागा. पावती नसेल तर तो तुकडा स्वस्त नाही. ऐरणीपायी ठाण्यात जायची हौस मला तरी नाही.

भट्टी त्याहून सोपी. जुनं लोखंडी घमेलं, त्यात माती आणि राख कालवून केलेला जाड लेप, मधे खळगा आणि एका बाजूने आत शिरलेला इंचभर व्यासाचा काळा, म्हणजे मुलामा नसलेला लोखंडी पाइप. वारा द्यायला केस वाळवायचा ड्रायर, थंड हवेवर. ड्रायरचा वारा भट्टीला फार होतो, म्हणून तो पाइपला घट्ट जोडायचा नाही. तोंडाशी दोन बोटं अंतर सोडायचं आणि वारा कमी हवा असेल तर ड्रायर जरा बाजूला सरकवायचा. कोळसा लोणारी, इस्त्रीवाले वापरतात तोच, वखारीतून पोत्याने मिळणारा. पेटवायला नारळाच्या करवंट्या. दगडी कोळसा शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचा विचार करून मी टाळते. कोळशाचा थर मात्र चांगला वीतभर खोल हवा आणि लोखंड त्या ढिगाच्या मधोमध जायला हवं. तळाशी, वाऱ्याच्या तोंडाजवळ ठेवलं तर तापतं कमी आणि त्याच्या खपल्याच जास्त निघतात.

हा उद्योग फ्लॅटच्या गॅलरीत करू नका, हे हात जोडून सांगते. धगधगत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. भट्टी उघड्यावरच हवी, पण डोक्यावर सावली पाहिजे, कारण कडक उन्हात लोखंडाचा रंग कळत नाही आणि या कामात सगळा कारभार रंगावर चालतो. मंद लाल म्हणजे सातशे अंशांच्या आसपास, नारिंगी म्हणजे साडेनऊशे-हजार. पिवळ्याच्याही पुढे जाऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या की लोखंड जळालं, तेवढा भाग तोडून टाकायचा. अंगात सुती कपडे, डोळ्यांना चष्मा. आणि लाल लोखंडापेक्षा नुकतं काळं झालेलं लोखंड जास्त घातकी. चारशे अंशांवरही ते दिवसा गार दिसतं. जमिनीवर पडलेला तुकडा उचलण्याआधी हाताची पालथी बाजू त्याच्या जवळ न्यायची सवय मला लावली ती मावशींनी.

मावशींबद्दल सांगायलाच हवं. पाथर्डी फाट्याच्या बाजूला रस्त्याकडेला पाल टाकून राहणारं हे घिसाडी जोडपं. विळे, खुरपी, कोयते करणं आणि शेतकऱ्यांच्या कुऱ्हाडी शेवटून देणं, म्हणजे झिजलेली धार पुन्हा ठोकून काढणं, हा त्यांचा धंदा. काका बसून सांडशीत लोखंड धरतात, मावशी उभ्या राहून घण घालतात. काकांच्या उजव्या हातात छोटी हातोडी. ती जिथे टिचकी मारते तिथे पुढचा घण पडतो. हातोडी ऐरणीवर आडवी झाली की मावशी थांबतात. त्या वेळात दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत, भांडण चालू असलं तरी. (असतं पुष्कळदा.) मी शिकायचं म्हटल्यावर मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “ताई, तुला काय कमी हाय?” काकांनी न बोलता एक सळई पुढे केली.

आठ मिलीची, दोन हात लांब, साधी गोल सळई. लांब असली की दुसरं टोक हातात धरता येतं, म्हणून सुरुवातीला सांडशीसुद्धा लागत नाही. भिंतीतला आकडा करायचा होता, म्हणजे आधी टोक काढायचं. गोल सळईचं गोल टोक हवं म्हणून कोणीही ती गोल फिरवत ठोकेल. तसं केलं की ती मधोमध चिरते. आधी चौकोन करायचा, एकदा ठोकून नव्वद अंश वळवून पुन्हा ठोकायचं. चौकोनातच हवं तेवढं निमुळतं करून घ्यायचं. मग त्याच्या चार कडा बसवायच्या, आठ बाजू होतात. त्या आठांच्या कडा हलक्या हाताने मारल्या की गोल. लाली उतरली की हात थांबवून सळई परत कोळशात. “काळ्यावर मारू नको,” मावशींनी शिकवलेलं सगळ्यात मोठं वाक्य हेच. हातोडा किलोभराचा पुरतो, मात्र नव्या हातोड्याच्या तोंडाच्या धारदार कडा ग्राइंडरवर गोल करून घ्याव्यात, नाहीतर प्रत्येक घावाची चंद्रकोर कामावर उमटते. सांडशी मी मावशींकडूनच विकत घेतली. एकूण हिशेब, ड्रायर घरचाच धरून, तीन-साडेतीन हजारांत बसला. हिशेब हा माझा धंदाच आहे, तेव्हा यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

भंगारातून काय आणू नये, हे नाशिककरांना वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे जुन्या द्राक्षबागा मोडल्या की तारा आणि अँगल भंगारात येतात. त्यातली तार जस्ताचा मुलामा दिलेली असते, कधी अँगलही. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे लोखंड नारिंगी व्हायच्या आतच. पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. चकचकीत राखाडी मुलामा दिसला की ती वस्तू भट्टीत घालायची नाही. जीआय पाइपालाही हेच लागू.

धार धरणाऱ्या वस्तूसाठी साधी सळई चालत नाही, तिच्यात कार्बन कमी असतो. त्याला कमानपाटा, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी हवी. मुंबई-आग्रा रस्त्यावर आडगावच्या बाजूला ट्रकच्या गॅरेजांत तुटके पाटे मिळतात. खुरपं घडवून झालं की ते पुन्हा लाल करून पाणी पाजायचं, म्हणजे बुडवून कडक करायचं. लाल म्हणजे किती, याला घरातला लोहचुंबक पुरे. ७७० अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं, त्याहून थोडं वर गेलं की बुडवायचं. मी खाद्यतेलात बुडवते, कारण कमानपाटा पाण्यात तडकू शकतो. मावशी फक्त धारेकडचा भाग पाण्यात धरतात, लगेच दगडावर घासून चकचकीत करतात आणि मागची उष्णता धारेकडे सरकताना पिवळी झाक आली की क्षणात सगळं बुडवतात. ते मला अजून जमणारं नाही. बुडवल्याने आलेला ठिसूळपणा जावा म्हणून मी ते ओटीजीमध्ये दोनशे अंशांवर तासभर ठेवते, त्या दिवशी घरात नानकटाई होत नाही. ओळखीचे लोक मला जुन्या नाशकातल्या तांबट लेनचा पत्ता देतात, पण ते शास्त्रच उलटं आहे. तांबं लाल करून पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं, हे पोलाद बुडवलं की कडक होतं.

आता तलवार. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात, घरकामाची, शेतीची, कारखान्याची अवजारं वगळून. कोयत्यांच्या बातम्या आपण रोज छापता. तेव्हा छंदवाल्यांनी खुरपं, आकडा, उलथनं, दाराची कडी यातच रमावं. तेवढं नीट यायला बराच काळ जातो.

राहिली मागणी. माझं रो-हाऊस आहे म्हणून अंगण आहे. तरी सोसायटीने आवाजाचा नियम दाखवलाच आणि मी रविवारी सकाळची वेळ ठरवून घेतली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कॉलेजच्या मुलाने हे कुठे करावं? भाचा अभियांत्रिकीला आहे. त्याच्या वर्कशॉपात चांगली भट्टी आणि खरी ऐरण आहे, पहिल्या वर्षाचं तेवढं प्रात्यक्षिक झालं की तिला कुलूप. सातपूरची शासकीय आयटीआय आणि शहरातली अभियांत्रिकी महाविद्यालयं यांनी मिळून एखादी भट्टी रविवारी सकाळी फी घेऊन नागरिकांना खुली करावी. शिकवायला मावशी-काकांसारख्यांना बोलवावं आणि योग्य मानधन द्यावं. ‘दाखवायचे कसले पैसे?’ हा प्रश्न मी घरातसुद्धा ऐकला आहे. गिटारच्या क्लासची फी आगाऊ भरताना तो कोणी विचारत नाही. मी मावशींना तासाचे पैसे देते, कारण तेवढ्या वेळात त्यांचे विळे व्हायचे राहतात.

सिंहस्थ २०२७ साठी रस्ते रुंद होत आहेत, ते व्हायलाच हवेत. पण त्यात मावशींचं पाल हललं आणि गिऱ्हाइकांना नवी जागा सापडेना. भाजीवाल्यांसाठी ओटे बांधताना लोहारांच्या दोन-चार ओट्यांचाही विचार महापालिकेने करावा. धूर वर जाईल असं पत्र्याचं छप्पर आणि पाण्याचा नळ, एवढं पुष्कळ झालं. निर्णय जूनच्या आत झाला तर बरं. उघड्यावरची भट्टी पावसाळ्याचे चार महिने बंदच असते, माझीही आणि त्यांचीही.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक