हा ड्रॅगन पाऊस पाडतो

महोदय,

सीमेवर काही खुट्ट झाले की आपल्याकडच्या मथळ्यांत चीनचा ड्रॅगन होतो. 'ड्रॅगनचा फूत्कार', 'ड्रॅगनची आगळीक', आणि शेजारी तोंडातून जाळ काढणारे पंखवाले जनावर. गेल्या आठवड्यात आपल्याही अंकात ते होते. चीनवर टीका खुशाल करा, पण पंख आणि जाळ हे युरोपातल्या गोष्टींतले.

मी मिरजेची निवृत्त शिक्षिका. २०२४ च्या जानेवारीत मुलीकडे सिंगापूरला होते. शेजारच्या चिनी आजींच्या सुनेला दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी तारीख दिली होती १५ फेब्रुवारी आणि चिनी वर्ष बदलणार होते १० तारखेला (आपल्या पंचांगात त्या दिवशी माघ शुद्ध प्रतिपदा). म्हणजे बाळ ड्रॅगन वर्षातले! आजी हवेत होत्या. उंदीर, बैल, वाघ, ससा असे ते बारा वर्षांचे चक्र. त्यात पाचवा ड्रॅगन तेवढा कल्पनेतला, आणि मान त्याचाच मोठा. 'पोरगा ड्रॅगन होवो' ही त्यांच्यात म्हणच आहे. मुलाने नाव काढावे, असा तिचा अर्थ.

बाळ सहा तारखेलाच आले. ससा! आजी तीन दिवस लिफ्टमध्येही बोलल्या नाहीत. त्याच आठवड्यात पंतप्रधान ली श्येन लूंग यांनी नववर्षाच्या संदेशात तरुण जोडप्यांना घरात 'छोटा ड्रॅगन' आणण्याचे सुचवले, ते त्यांच्या जखमेवर मीठच. (जोडप्यांनी काही फारसे मनावर घेतले नाही. तिथला जननदर, म्हणजे दर बाईमागे मुले, २०२३ मध्ये ०.९७ होता, २०२४ मध्येही तेवढाच. चीनमध्ये मात्र जन्म ९०.२ लाखांवरून ९५.४ लाखांवर गेले.) महिना भरल्यावर आजी लाल रंगवलेली उकडलेली अंडी घेऊन दारात हजर. आपल्या बारशाच्या घुगऱ्याच म्हणा. "ससा चपळ असतो," एवढेच म्हणाल्या.

त्यांनीच मला तेलोक आयर रस्त्यावरचे थियान हॉक केंग देऊळ दाखवले. छपराच्या कण्यावर ड्रॅगन आहेत. हरणाची शिंगे, माशाचे खवले, गरुडाच्या नख्या, सापाचे लांब अंग. पंख नाहीत. जाळ तर नाहीच, कारण हा पाण्याचा धनी. नद्या, समुद्र, ढग त्याच्या ताब्यात. पाऊस ओढ देऊ लागला की चीनमधल्या खेड्यांत नवस बोलून ड्रॅगनराजाला साकडे घालत. तरीही ऐकले नाही तर त्याची मूर्ती बाहेर काढून उन्हात ठेवत, म्हणजे त्यालाही कळावे. आपण देव पाण्यात घालतो, ते उन्हात घालत!

आणखी एक गोष्ट आपल्या जवळची. बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनीत गेले तेव्हा 'नाग' या शब्दाला तिथल्या भाषांतरकारांनी 'लुंग' म्हणजे हाच ड्रॅगन शब्द वापरला. नागराजाचा ड्रॅगनराजा झाला. नागपंचमीला दूध-लाह्या वाहणाऱ्या वाचकांना हे समजायला जड जाऊ नये.

तेव्हा पुढच्या मथळ्याच्या वेळी आपल्या चित्रकारांना सांगावे: पंख पुसा, जाळ पुसा आणि पायाखाली थोडे ढग काढा.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज