मीटर पोराच्या हातात देणाऱ्या काकांना

नमस्कार काका,

तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत नाही माहितीये, मुलाला सांगा वाचून दाखवायला. त्या दिवशी गडबडीत नुसतं थँक्यू म्हणून पाठवलं तुम्हाला, ते मनाला लागून राहिलंय, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

शिरोलीत आमचं छोटं मशीन शॉप, फौंड्रीच्या कास्टिंगची कामं. त्यातलं मोठ्या चकचं (जॉब पकडून फिरणारा भाग) लेथ, साडेसात किलोवॅटची स्पिंडल मोटर, आणि स्टॉप दिला की ड्राइव्ह (मोटरचा स्पीड सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) ओव्हरव्होल्टेजला ट्रिप, म्हणजे आतला व्होल्टेज जास्त झाला म्हणून बंद. रोजचं रडगाणं. तुमच्या आधी दुरुस्तीला जे येऊन गेले त्यांच्यातल्या एकाने पॅनलचं दार उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला ड्राइव्ह गेला, नवीन घ्या, कोटेशन संध्याकाळी पाठवतो (कोटेशन मात्र संध्याकाळी आलं बरं का, तेवढा माणूस शब्दाचा पक्का). दुसऱ्याने डिसेल टाइम (मोटर थांबायला दिलेला वेळ) वाढवून दिला, ट्रिप थांबलं खरं पण चक थांबायची वाट बघत ऑपरेटर उभा, प्रत्येक पीसला असं झालं तर धंदा काय करायचा. आणि दोघांचं एका गोष्टीवर एकमत, तुमच्या पोराला मशीन चालवता येत नाही. आयटीआय करून नुकतंच लागलेलं पोरगं ते, काय बोलणार.

तुम्ही आलात ते आधी त्याच्याकडे गेलात, माझ्याकडे नाही. "दिवसभर तू असतोस याच्यापाशी, तू सांग कधी ट्रिप होतंय." तो म्हणाला हलक्या जॉबला नाही होत, मोठा फ्लँज लावून फुल स्पीडला असलं की हमखास. तुम्ही म्हणालात बरोबर पकडलंस, स्पीड दुप्पट झालं की फिरत्या चकमधली एनर्जी चौपट, थांबताना मोटरचा जनरेटर होतो आणि ते सगळं ड्राइव्हच्या डीसी बसवर (आतल्या कपॅसिटरच्या लाइनवर) येऊन पडतं, ते उष्णता करून जाळायला रेझिस्टर. मग मेन बंद करून प्रोब स्वतः धरलेत, मीटर त्याच्या हातात दिलात, आकडा मोठ्याने वाच म्हणालात. पाचशे, चारशे, अडीचशे... कपॅसिटरमध्ये साठलेला व्होल्टेज उतरतोय आणि पोरगं वाचतंय, आम्ही सगळे हातातली कामं सोडून ऐकतोय. पार खाली आल्याशिवाय तुम्ही स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाहीत. नंतर रेझिस्टरची वायर सोडून परत त्यालाच, किती? दीडशे ओहम. ड्राइव्हच्या बुकात काय लिहिलंय? पंच्याहत्तर. सापडलं! मागे कधीतरी रेझिस्टर जळाला तेव्हा कुणीतरी वॅट बघून दुसरा बसवला, ओहम बघितलेच नाहीत. ओहम दुप्पट म्हणजे जाळायची ताकद निम्मी, मग डीसी बस आठशे व्होल्टच्या आसपास चढून ट्रिप होणार नाहीतर काय.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही, बरोबरचा रेझिस्टर बसला, डिसेल टाइम पहिला होता तोच केला, रेझिस्टर फार तापला तर कळावं म्हणून थर्मल स्विच पण जोडून दिलात. ड्राइव्ह तोच, गेलेला म्हणे!

फॉल्ट शोधणारे अजून मिळतील ओ काका. पण मीटर बघून तुम्हीच "दीडशे" म्हणाला असता तरी चाललं असतं, आम्ही तुम्हाला हुशार म्हटलं असतं. ते त्याला म्हणायला लावलंत, ज्या मशीनवरून त्याला नावं ठेवली त्याच मशीनपाशी, सगळ्यांसमोर. आमच्याकडे काही बिघडलं की चूक नेहमी सगळ्यात कमी पगारवाल्याची निघते, शिकलेसवरलेले साहेब लोक पण तेच करतात. साधी माणुसकी हो, तिला काय डिग्री लागते का.

आणि ते बिल. रेझिस्टरची किंमत लिहिलीत आणि लेबरच्या रकान्यात नुसती रेघ. हे चालणार नाही. नीट बिल करून पाठवा, नाहीतर रविवारी मी आणि ते पोरगं दोघं घरी येतोय तुमच्या.