राज्यसभेतल्या आपल्या १९ जणांची बातमी द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांमध्ये एका वाचकाने विचारलं होतं, की लोकसभा असताना राज्यसभा हवीच कशाला? निवडणुकीत पडलेल्यांची सोय लावण्यापलीकडे तिचा उपयोग काय? या प्रश्नामागचा राग मला समजतो. पण तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवल्यावर गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

आधी पडलेल्यांविषयी. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबईतून हरले. १९५२ मध्येच ते तेव्हाच्या मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले आणि डिसेंबर १९५६ मध्ये निधन होईपर्यंत तिथे होते. ज्यांनी घटनेचा मसुदा घडवला, त्यांना संसदेत जागा मिळाली ती याच सभागृहामुळे. धर्मशास्त्राचे अभ्यासक महामहोपाध्याय पां. वा. काणे आणि नाटककार मामा वरेरकर राष्ट्रपतिनियुक्त म्हणून तिथे बसले. गावोगाव मतं मागत फिरणं हा त्यांचा पिंड नव्हता, पण त्यांच्यासारखी माणसं संसदेत असायला हवी होतीच.

आता उपयोगाचं. मुंबईत अण्णा हजारेंचं उपोषण चालू होतं आणि २७ डिसेंबर २०११ ला लोकसभेने लोकपाल विधेयक मंजूर केलं. दोन दिवसांनी राज्यसभेत चर्चा रात्री उशिरापर्यंत लांबली. आमच्या घरी सगळे टीव्हीसमोर बसून होतो. घड्याळात बारा वाजले आणि मतदान न होताच सभागृह उठलं. त्या रात्री मीही चिडले होते. पण पुढे काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही. विधेयक राज्यसभेच्या प्रवर समितीकडे, म्हणजे ते बारकाईने तपासणाऱ्या खासदारांच्या समितीकडे गेलं. दिल्लीने केलेल्या कायद्याने राज्यांवर लोकायुक्त लादायचे का, हा मोठा आक्षेप होता. शेवटी राज्यांनी वर्षभरात आपापला कायदा करावा असं ठरलं. १७ डिसेंबर २०१३ ला सुधारित विधेयक राज्यसभेत मंजूर झालं आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेने ते जसंच्या तसं मान्य केलं. दोन वर्षं गेली हे खरं, पण राज्यांची बाजू मांडायची तर ती याच सभागृहाने, आणि त्याने ती मांडली.

राज्यसभेने नेहमीच योग्य केलं असं नाही. संस्थानिकांचे तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती ५ सप्टेंबर १९७० ला तिथे १४९ विरुद्ध ७५ अशी अडली, दोन तृतीयांशाला एक मत कमी पडलं. पुढच्या वर्षी निवडणुका झाल्या आणि मग तनखे गेलेच.

मला जास्त काळजी वाटते ती या सभागृहाला वळसा घालण्याची. धनविधेयक, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशांसंबंधीचं विधेयक, असेल तर राज्यसभेला फक्त १४ दिवस मिळतात आणि तिच्या सूचना लोकसभेवर बंधनकारक नसतात. कुठलं विधेयक धनविधेयक हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. आधारचं विधेयक २०१६ मध्ये असंच आलं. राज्यसभेने १६ मार्चला पाच दुरुस्त्या सुचवल्या आणि लोकसभेने त्याच दिवशी त्या फेटाळल्या. सर्वोच्च न्यायालयात बहुमताने हे मान्य झालं, तरी न्या. धनंजय चंद्रचूड यांनी याला घटनेशी केलेली फसवणूक म्हटलं होतं, आणि मला त्यांचंच म्हणणं पटतं. त्या १६ मार्चच्या संध्याकाळी आमच्या गल्लीत कुणाला याचं काही वाटलं नाही. राज्यसभा आपली आहे असं वाटतच नसेल, तर वाटणार कसं?

वर्गात मुलं विचारायची, "बाई, यांना मत कोण देतं?" मी सांगायचे, तुमच्या आईबाबांनी ज्याला आमदार केलं तो. मग फळ्यावर गणित मांडायचे. आमदार २८८, प्रत्येक मताचं मूल्य १००, त्या वेळी भरायच्या जागा ६. अठ्ठावीस हजार आठशेला जागांपेक्षा एक जास्त, म्हणजे सातने भागा, अपूर्णांक सोडा, एक मिळवा. आले ४११५. म्हणजे पहिल्या पसंतीची ४२ मतं मिळाली की खासदार पक्का. हे कळलं की मुलांचे चेहरे बदलायचे. घरातलं एक मत मुंबईमार्गे थेट दिल्लीला जातं, हे त्यांना नवं असायचं.

२००३ मध्ये कायदा बदलला आणि उमेदवार त्याच राज्यातला मतदार असण्याची अट गेली. २००६ मध्ये न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. मला मात्र तो आजही चुकीचा वाटतो. महाराष्ट्राच्या जागेवर बसणाऱ्याचं नाव महाराष्ट्रातल्या मतदारयादीत असावं, एवढी अपेक्षा काही फार नाही.

लोकसभेतले आपले ४८ खासदार प्रचारामुळे तरी माहीत असतात. राज्यसभेत आपले १९ आहेत. सोसायटीच्या बैठकीत मी विचारलं, तर सगळ्यांची मिळून चार नावं निघाली. आपल्याकडे माझी एक विनंती आहे. अधिवेशन चालू असताना आठवड्यातून एकदा पाव कॉलम या १९ जणांसाठी ठेवा. कोण कुठल्या विषयावर बोललं, कुणी कोणता प्रश्न विचारला, आणि मतविभागणी झाली असेल तर कुणी कुठल्या बाजूने मत दिलं. पुष्कळ विधेयकं आवाजी मतदानाने होतात, म्हणून मतविभागणी झालीच तर तिची नोंद चुकवूच नका. ही सगळी माहिती सभागृहाच्या कामकाजात छापलेली असते, पण ती इंग्रजी-हिंदीत. आमच्यापर्यंत मराठीत ती तुम्हीच आणू शकता. येत्या अधिवेशनापासून सुरुवात करता येईल का, ते कृपया कळवावं.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा