१९६७ च्या गिटार अल्बमांची चर्चा आणि एक राहून गेलेले नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत १९६७ सालचा सर्वोत्तम गिटार अल्बम कोणता, या विषयावर गेले काही आठवडे वाचकांची जी पत्रे प्रसिद्ध होत आहेत, ती मी मनापासून वाचतो आहे. बहुतेकांनी बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड'ला पहिला क्रमांक दिला आहे, काहींनी क्रीम या त्रिकुटाच्या 'डिझरायली गीअर्स'ला, तर काहींनी जिमी हेंड्रिक्सच्या 'आर यू एक्स्पीरियन्स्ड'ला. आवडीनिवडीत मतभेद असणारच. परंतु वर्षातला सर्वोत्तम अल्बम आणि वर्षातला सर्वोत्तम गिटार अल्बम हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, याचे भान या पत्रांतून सुटत चालले आहे. शिवाय त्याच वर्षी आपल्याकडे एच.एम.व्ही.ने काढलेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली'चे नाव एकाही पत्रलेखकाने घेतलेले नाही, ही गोष्ट मला फार खटकली आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

माझी कसोटी साधी आहे. अल्बममधून गिटार मनातल्या मनात वजा करून पाहावी आणि मागे काय उरते ते तपासावे. त्यानंतर, या वाद्याने तिथे असे काय केले जे पूर्वी कोणी त्याच्याकडून करवून घेतले नव्हते, हे विचारावे. 'सार्जंट पेपर्स' या कसोटीवर मागे पडतो, आणि त्यात त्याचा काहीही कमीपणा नाही. त्याची थोरवी गीतरचनेत, कंठांच्या मेळात, वाद्यवृंदाच्या वापरात आणि स्टुडिओलाच वाद्य बनवण्याच्या कल्पकतेत आहे. शीर्षकगीतातला गिटारचा तुकडा पॉल मॅकार्टनीने वाजवलेला आहे. जॉर्ज हॅरिसनचे लक्ष त्या काळात सतारीकडे आणि हिंदुस्थानी संगीताकडे लागलेले होते, आणि 'विदिन यू विदाउट यू' या त्याच्या रचनेत तर लंडनमधल्या भारतीय वादकांची साथ आहे. गिटार वजा केली तरी या अल्बमचा मोठा भाग शाबूत राहतो.

'आर यू एक्स्पीरियन्स्ड'मधून मात्र गिटार काढली तर अल्बमच उरत नाही. १२ मे १९६७ रोजी इंग्लंडमध्ये तो बाजारात आला आणि तिथल्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. पहिले स्थान 'सार्जंट पेपर्स'ने अडवून धरले होते. बीटल्स आणि हेंड्रिक्स यांच्यात स्पर्धेपेक्षा आदरच अधिक होता, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. बीटल्सचा अल्बम जाहीर तारखेप्रमाणे १ जूनला निघाला आणि ४ जूनला लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये हेंड्रिक्सने आपल्या कार्यक्रमाची सुरुवात त्याच्याच शीर्षकगीताने केली. हेंड्रिक्स डावखुरा होता आणि उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार उलटी धरून वाजवत असे, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याहून महत्त्वाचे हे की त्याच्या हातात साथीची गिटार आणि सुरावट धरणारी गिटार असा भेदच उरला नाही. गिटारच्या मानेवरून वळवलेला अंगठा खर्जाच्या तारा सांभाळतो, बाकीची बोटे त्याच वेळी वरच्या तारांवर सुरावट फिरवतात, आणि त्याचा साथीदार मिच मिचेल याचा ड्रम त्या दोघांच्या मधल्या जागा भरत जातो. अ‍ॅम्प्लिफायरचा फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणारा घोंगाट, हा तोवर बहुतेकांच्या लेखी टाळायचा दोष होता. हेंड्रिक्सने तो लांबवता, वळवता आणि हव्या त्या क्षणी थांबवता येणारा स्वर केला. 'थर्ड स्टोन फ्रॉम द सन'मध्ये हे सारे एका जागी ऐकू येते. शीर्षकगीतात तर ध्वनिफीत उलटी फिरवून घेतलेली गिटार आहे आणि ती केवळ करामत वाटत नाही, कारण सबंध रचनेचा तोल तिच्यावरच उभा आहे.

या संदर्भात एका गोष्टीकडे पत्रलेखकांचे लक्ष वेधायला हवे. काहींनी 'पर्पल हेझ' आणि 'हे जो' या गाण्यांचा दाखला देऊन अल्बमची बाजू मांडली आहे, तर एका पत्रात 'रेड हाउस' या ब्लूजसाठी (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या परंपरेतले गाणे) त्याला गुण दिले आहेत. मूळ इंग्रजी आवृत्तीत 'पर्पल हेझ' आणि 'हे जो' नव्हती, कारण स्वतंत्र तबकड्यांवर आलेली गाणी अल्बममध्ये घ्यायची नाहीत असा तिथला प्रघात होता. ऑगस्टमध्ये निघालेल्या अमेरिकी आवृत्तीत ती आली, पण त्यांना जागा करून देण्यासाठी 'रेड हाउस' वगळले गेले. म्हणजे आपण एकाच नावाच्या दोन वेगळ्या अल्बमांबद्दल बोलत आहोत. माझे मत मूळ आवृत्तीला आहे; 'रेड हाउस'शिवाय हेंड्रिक्सची ब्लूजमधली मुळे दिसत नाहीत.

'डिझरायली गीअर्स'बद्दल थोडक्यात लिहितो. न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत मे महिन्यातल्या मोजक्या दिवसांत तो ध्वनिमुद्रित झाला, आणि 'टेल्स ऑफ ब्रेव्ह युलिसिस'मध्ये क्रीमचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन याने वा-वा पेडलचा (पायाने दाबून गिटारचा आवाज 'वा-वा' असा बदलणाऱ्या उपकरणाचा) जो वापर केला, तो या पेडलच्या अगदी सुरुवातीच्या वापरांपैकी आहे. अल्बम देखणा आहे. परंतु 'स्ट्रेंज ब्रू'मधला गिटारचा तुकडा ऐकावा आणि लगेच अल्बर्ट किंगचा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' ऐकावा. क्लॅप्टनने कोणाकडून काय घेतले ते सांगावे लागणार नाही. किंगचा हा अल्बमही १९६७ चाच. मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत बुकर टी. अँड द एम.जी.ज या वादकसंचाच्या साथीने त्याने ही गाणी केली. तोही डावखुरा, आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरणारा. त्यामुळे त्याची बारीक तार वरच्या बाजूला येई आणि ती तो खाली खेचत असे. सतारीवर तार आडवी ओढून एकाच पडद्यावरून पुढचे स्वर काढतात, तशीच ही क्रिया आहे. किंग एका आघातात जेवढे बोलतो, तेवढे बोलायला इतरांना दहा आघात लागतात. उगम उपलब्ध असताना त्याच्या शाखेला वरचा क्रमांक देणे मला पटत नाही.

आता 'कॉल ऑफ द व्हॅली'. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा दिवस, सकाळच्या अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत, अशी त्याची कल्पना आहे. पं. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, पं. हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, पं. ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला. निर्मितीमागे एच.एम.व्ही.चे जी. एन. जोशी होते. 'रानारानात गेली बाई शीळ' गाऊन मराठी भावगीताच्या तबकड्यांचा पाया घालणारे तेच हे जोशी, याची आठवण मराठी वाचकांना तरी राहायला हवी.

काब्रा मूळचे जोधपूरचे, सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. गिटार त्याआधीच भारतात आली होती. हवाईयन पद्धतीने मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी वाजत होत्या. परंतु त्यात गिटार गाण्याच्या चालीची नक्कल करत असे. काब्रांनी पोकळ पोटाची गिब्सन गिटार मांडीवर घेतली, तारा उंचावल्या आणि तिच्यावर सरोदियाच्या तालमीतून आलेला आलाप मांडला. हे लिहायला सोपे आहे, करायला फार अवघड आहे. पडद्यांचा आधार सुटलेला असतो. कांडी केसभर इकडेतिकडे झाली तर कोमल ऋषभ अहिर भैरवाचा राहत नाही, आणि श्रुतीची चूक झाकायला कोणतीही सोय नसते.

यावर आक्षेप येईल की हा तीन सुरेल वाद्यांचा अल्बम आहे, मग तो गिटारचा कसा? आक्षेप योग्य आहे, पण वजाबाकीची कसोटी इथेही लावून पाहावी. संतूर हे आघाताचे वाद्य. शिवकुमारजींनी काठी तारांवर घासून स्वर लांबवण्याची युक्ती शोधली, तरी त्याची प्रकृती थेंबाथेंबाने ठिबकण्याचीच. बासरीत मींड आहे, दम आहे, परंतु तिचा वावर मुख्यतः मध्य आणि तार सप्तकांत. मंद्रात उतरून एका स्वरातून दुसऱ्या स्वरात सलग जाणारा, गळ्याच्या जवळचा आवाज त्या मेळात एकाच वाद्याकडे आहे, आणि ते वाद्य काब्रांची गिटार आहे. ती काढून घेतली तर दोन सुंदर वाद्यांची जुगलबंदी उरेल, पण तिच्या पायाशी असलेली खोली नाहीशी होईल. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी या मार्गावरून मोहनवीणा (गिटारला जादा तारा जोडून केलेले वाद्य) जगभर नेली आणि १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळवला. त्या मार्गावरचे पहिले मोठे काम काब्रांचे आहे.

त्याच वर्षी १८ जूनला कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे महोत्सवात दुपारी पं. रविशंकर यांनी सतार वाजवली आणि त्याच रात्री त्याच मंचावर हेंड्रिक्सने गिटार पेटवली. त्या काळच्या श्रोत्यांनी दोन्ही गोष्टी एकाच दिवशी ऐकून घेतल्या. आपण मात्र एकाच यादीत त्या बसवायला कचरतो आणि पाश्चात्त्य अल्बम म्हणजे गिटार, भारतीय अल्बम म्हणजे शास्त्रीय संगीत अशी वाटणी करून टाकतो. ही वाटणी काब्रांवर अन्याय करणारी आहे.

माझा क्रम असा : पहिला 'आर यू एक्स्पीरियन्स्ड', दुसरा 'कॉल ऑफ द व्हॅली', तिसरा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन'. पहिल्या दोहोंत अंतर फार थोडे आहे. हेंड्रिक्सला मी वर ठेवतो तो एवढ्याचसाठी की त्याच्या अल्बमचा सगळा भार एकट्या गिटारवर आहे. 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको'लाही मी चौथे स्थान देईन. त्यात या न्यूयॉर्कच्या बँडच्या लू रीडने गिटारच्या सगळ्या तारा एकाच स्वरात लावून जो अखंड गुंजारव निर्माण केला, त्याची ओळख तंबोऱ्यावर वाढलेल्या कानांना लगेच पटते.

आपण वाचकांच्या मतांवरून अंतिम यादी छापणार आहात असे वाचले. ती छापताना हेंड्रिक्सच्या अल्बमची कोणती आवृत्ती धरली आहे ते कृपया नमूद करावे, आणि 'कॉल ऑफ द व्हॅली'ला जागा मिळाल्यास चारही वादकांची नावे द्यावीत. माणिकराव पोपटकर यांचे नाव बहुतेक उल्लेखांत गाळले जाते. निदान मराठी दैनिकात तरी ते गाळले जाऊ नये.

आपला,
एक वाचक, ठाणे