अस्मिता, खोक्यावरचे आकडे जरा बाजूला ठेव

कोथरूड, पुणे
१४ मे

प्रिय अस्मिता,

सप्रेम नमस्कार.

तुझा काल आलेला प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून लिहायलाच बसले. तीन खोक्यांचे फोटो पाठवलेस आणि विचारलंस, "यातला कुठला व्हॅक्यूम घेऊ? नव्या गाडीलाही हवा आणि आईच्या दम्यामुळे घरातही." काकूंचं नाव आलं की मला यात वरवरचं उत्तर देववत नाही. तेव्हा पत्र लांबलं तर लांबू दे.

आधी तुझी धूळ कुठली ते ठरव, मग यंत्र बघ. वाघोलीला तुमच्या आजूबाजूला बांधकामं चालूच आहेत, खडी-सिमेंटच्या गाड्यांची ये-जा असते. ती धूळ मैद्यासारखी बारीक. डॅशबोर्डवर, एसीच्या जाळीत, घरातल्या स्लायडिंग खिडक्यांच्या खाचांत ती बसते. ओढून घ्यायला तिला फार जोर लागत नाही, पण फिल्टर बघता बघता चोंदतो. वाळूचं उलट. दिवेआगरहून येताना पायांबरोबर आलेली वाळू गाडीच्या कार्पेटच्या मुळाशी जाऊन बसते, तिला उपसायला हवेचा जोरदार झोत हवा. तुझ्या लेकाचा चिवडा आणि बिस्किटांचा चुरा सीटच्या सांध्यात जातो, तिथे ताकदीपेक्षा अरुंद आणि लांब नोझल महत्त्वाचं. राहिले तुमच्या मनीचे केस. कापडात गुंतलेला केस नुसत्या ओढीने निघत नाही. त्याला फिरता ब्रश लागतो, नाहीतर रबरी हातमोजा किंचित ओला करून सीटवरून एकाच दिशेने फिरवायचा. केसांची गुंडाळी होते, मग ती उचलून टाकायची.

आता खोकी. पहिल्या, छोट्या टाइप-सी चार्जिंगवाल्या यंत्रावर ठळक अक्षरांत '१,२०,००० पास्कल' लिहिलंय. पास्कल म्हणजे दाब मोजायचं एकक. अस्मिता, हे शक्यच नाही. व्हॅक्यूम क्लीनर स्वतः काही खेचत नाही. तो आत हवेचा दाब कमी करतो आणि बाहेरची हवा जास्त दाबाने आत घुसते, केर तिच्याबरोबर जातो. म्हणजे बाहेरच्या हवेचा जेवढा दाब, त्याच्यापुढे कुठलंच यंत्र जाऊ शकत नाही. समुद्रसपाटीला हा दाब १,०१,३२५ पास्कल असतो. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर, त्यामुळे आपल्याकडे तो ९५ हजारांच्या आसपास. आतली सगळी हवा काढून टाकली तरी १ लाख २० हजार कुठून येणार? ज्या खोक्यावर असा आकडा आहे, त्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नकोस.

आणि खरा असला तरी पास्कलचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. तो बहुतेक वेळा यंत्राचं तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो, म्हणजे हवा वाहतच नसताना. केर उचलते ती वाहती हवा. म्हणून दाबातला फरक आणि दर सेकंदाला जाणारी हवा या दोन्हींचा गुणाकार बघायचा, त्याला एअर वॅट म्हणतात. समज, यंत्र ५,००० पास्कलचा फरक ठेवून सेकंदाला १० लिटर हवा ओढतंय, तर त्याची कामाची ताकद झाली ५० वॅट. मोटर खाते ते वॅट वेगळे, ते नेहमीच यापेक्षा जास्त असतात. खोक्यावर नुसतं '१२० वॅट' लिहिलेलं असतं ते मोटरच्या खाण्याबद्दल. एअर वॅट छापणारी यंत्रं कमी असतात, पण छापलेले असतील तर तुलना त्यावर कर.

बॅटरीबाबतही तसंच. 'एमएएच' (मिलिअँपिअर-तास) हा आकडा एकटा काही सांगत नाही, बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते ते कळायला त्याला व्होल्टने गुणायचं. तुझ्या पहिल्या खोक्यावर बारीक अक्षरांत ७.४ व्होल्ट, २,००० एमएएच आहे. गुणाकार करून हजाराने भागलं की १४.८ वॅट-तास. मोटर १२० वॅट खात असेल तर बॅटरी सात मिनिटांच्या थोडी वर टिकेल. तेवढ्यात पुढच्या दोन सीट आणि पायाखालची जागा होते, मागची सीट आणि डिकी राहते. दुसऱ्या खोक्यावर १४.८ व्होल्ट, २,५०० एमएएच, म्हणजे ३७ वॅट-तास. त्याच मोटरला ही अठरा मिनिटं पुरते. गाडी नीट साफ करायला मला साधारण तेवढीच पूर्ण ताकद लागते. खोक्यावर '३० मिनिटं' लिहिलं असेल तर ती कमी वेगाची मिनिटं असतात. दुकानात विचारायचं, "फुल स्पीडला किती?"

तिसरं खोकं तारेचं, गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला लागणारं. ते अगदी टाकाऊ नाही. बॅटरी संपायची चिंता नाही आणि स्वस्तही आहे. पण त्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते १५ अँपिअरचा असतो, त्यामुळे ताकदीला तिथेच मर्यादा पडते, आणि इंजिन बंद ठेवून बराच वेळ चालवलं तर गाडीची बॅटरी उतरते. मुख्य म्हणजे ते घरात चालणार नाही. घरच्या प्लगवर चालणारा घ्यावा, तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुला प्लग पॉइंट नाही, आणि गाडीच्या सॉकेटचा घ्यावा, तर काकूंची गादी तिसऱ्या मजल्यावर. तुला बिनतारीच हवा.

आता फिल्टर. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दलच. ओढलेली हवा यंत्रात राहत नाही, मागच्या जाळीतून परत खोलीत येते. फिल्टर साधा जाळीचा असेल तर मोठा केर डब्यात राहतो आणि डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ हवेत उडते. दम्याच्या माणसाला त्रास होतो तो नेमका तिचाच. म्हणजे घर स्वच्छ केल्याचं समाधान आपल्याला आणि खोकला काकूंना. म्हणून खोक्यावर हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर, आहे का, आणि असल्यास कुठल्या दर्जाचा, ते वाच. युरोपीय मानकातला एच-१३ फिल्टर अडवायला सगळ्यात अवघड आकाराचे कणही किमान ९९.९५ टक्के अडवतो. नुसतं 'हेपा टाइप' किंवा 'हेपा लाइक' लिहिलेलं असेल तर त्यामागे कुठलंही मानक नसतं. फिल्टरभोवतीचं रबरी सीलही बोटाने दाबून बघ. ते सैल असेल तर हवा फिल्टरला वळसा घालून निघून जाते आणि चांगला फिल्टरही काही करू शकत नाही.

धुता येणारा फिल्टर घे, पण धुतल्यावर सावलीत पूर्ण चोवीस तास वाळू दे. पावसाळ्यात दोन दिवस. दमट फिल्टर लावला की बुरशीचा वास येतो आणि ओलसर धूळ त्यावर लेपासारखी थापली जाते. म्हणून एक जादा फिल्टर यंत्राबरोबरच घेऊन ठेव. सुटा मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचार. दुकानदार "मिळेल, मागवून देऊ" म्हणाला तर "आत्ता दाखवा" म्हण. फिल्टर मिळत नसेल तर वर्षभरात ते यंत्र माळ्यावर जातं, मग मोटर कितीही चांगली असो.

डबा रिकामा करायचा तो घराबाहेर, आणि काकूंनी करायचा नाही. गादी, उशा, सोफा आठवड्यातून एकदा सावकाश फिरव, घाईत नोझल सरकवलं तर धूळ तिथेच राहते. पण एक लक्षात ठेव, गादीतल्या धुळीच्या किड्यांवर नुसता व्हॅक्यूम पुरत नाही. चादरी आणि उशांचे अभ्रे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुतले की ते मरतात. मशिनला तो प्रोग्रॅम असेलच.

फरशीसाठी मात्र यातलं काही घेऊ नकोस. टू बीएचकेची फरशी हाताच्या यंत्राने काढायची म्हणजे वाकून कंबर जायची. तिथे आपला झाडू आणि ओला फडका उत्तम, आणि ओल्या फडक्याने धूळ उडतही नाही.

वजन हातात धरून बघ, तेही हात लांब करून, कारण गाडीत आपण कायम हात लांब करूनच काम करतो. वजन मुठीजवळ असेल तर किलोभराचं यंत्रही झेपतं, पुढे झुकलेलं असेल तर मनगट दुखतं. काही यंत्रांना बंदुकीच्या घोड्यासारखं बटण असतं, दाबून धरलं तरच चालतात. काकूंची बोटं सकाळी आखडतात ना? मग एकदा दाबून चालू राहणारंच बटण हवं.

आता माझी पद्धत सांगते. गाडीतली मॅट बाहेर काढून झटकायची. एका हातात इंचभर रुंदीचा नवा रंगाचा ब्रश, दुसऱ्यात नोझल. एसीच्या पट्ट्यांमधून ब्रश हलकेच फिरवायचा आणि नोझल त्याच्या खाली धरायचं. धूळ उडते न उडते तोच आत जाते, सीटवर पडायला तिला वेळच मिळत नाही. वरून खाली यायचं, पायाखालची जागा सगळ्यात शेवटी. सीट पूर्ण मागे सरकवून रुळांचं पुढचं टोक, मग पूर्ण पुढे घेऊन मागचं टोक. वाळू असेल तर कार्पेटचे धागे अंगठ्याने फाकवायचे आणि त्या फटीत नोझल टेकवून मागे ओढत न्यायचं. आतून वाळू नळीला घासत जाताना खर्र असा आवाज येतो, तो थांबेपर्यंत जागा सोडायची नाही. गणपतीच्या सजावटीची चमकीही अशीच निघते. वर्षातून एकदा वॉशिंग सेंटरवर मोठ्या मशिनने आतून करून घे, ते काम या छोट्यांचं नाही.

काही गोष्टी त्याला अजिबात खायला घालू नकोस. पाणी आणि ओला चिखल नाही, 'वेट अँड ड्राय' असं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय. सिंहगडावरून पावसात आलात तर मॅट वाळू दे, चिखलाचे पापुद्रे सुटले की ओढ. दिवाळीची रांगोळी आणि सांडलेली कणीकही नको, एका खेपेत फिल्टर बंद होतो. उदबत्तीची किंवा धुपाची राख तर थंड दिसली तरी नाहीच, आत निखारा असू शकतो.

यंत्र गाडीत ठेवायचं नाही, हे तर लेकालाही सांगून ठेव. या दिवसांत उन्हात उभ्या गाडीत आतलं तापमान ६० अंशांच्या वर जाऊ शकतं आणि लिथियम-आयन बॅटरीला तेवढी उष्णता सोसत नाही. क्षमता कमी होते आणि सेल हलक्या दर्जाचा असेल तर धोकाही असतो. त्यासाठीच बॅटरीवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघ. लिथियम बॅटरीसाठीचं भारतीय मानक आयएस १६०४६ हे. बॅटरी स्वतः काढून बदलता येत असेल तर फारच छान. जुनी झाली की ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नकोस. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि आपल्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंकडे ई-कचऱ्याची चौकशी करता येते.

दुकानात रिकाम्या हाताने जाऊ नकोस. आपल्या लहानपणी युरोक्लीन व्हॅक्यूम विकणारे दारात यायचे आणि घेण्याआधी सोफ्यातली धूळ काढून दाखवायचे, आठवतं? तोच हक्क आजही आहे. पर्समध्ये थोडा रवा आणि थोडी वाळू पुडीत घेऊन जा, दुकानातल्या पायपुसण्यावर टाक, तळहाताने घासून आत जाऊ दे आणि मग चालवायला सांग. किती फेऱ्यांत निघतं ते तिथेच कळेल. चालू असताना मागच्या जाळीपाशी हाताचा पंजा धर, पंज्यावर पांढरं काही आलं तर ते यंत्र काकूंसाठी नाही.

तुझ्या तिघांतलं माझं मत दुसऱ्याला. दीड हजाराचा पहिला घेऊन तो वर्षात टाकण्यापेक्षा हे चार हजार जास्त कामी येतील. फक्त त्याच्या फोटोत फिल्टरचा दर्जा दिसत नाही, लेबलची बाजू बघून मला कळव. मंगळवारी संध्याकाळी मी मोकळी आहे. तापकीर गल्लीत सोबत जाऊ, तिथे नाही मिळालं तर नाना पेठेत गाडीच्या सामानाची दुकानं आहेतच.

काकूंना नमस्कार, लेकाला गोड पापा.

तुझी,
मेधा

ता. क. चपटं नोझल किती लांब आहे ते मोजून बघ. सीट आणि गिअरच्या मधल्या फटीत वीतभर तरी आत जायला हवं.