गाडीच्या सुट्या भागांवरील शुल्क आणि बिलावरचे दोन शब्द

महोदय,

परदेशातून मागवलेल्या गाडीच्या पार्टवर कुरिअरवाले सांगतील तेवढे शुल्क मुकाट्याने भरायचे, असा सध्या रिवाज पडला आहे. बहुतेक वेळा चूक विक्रेत्याच्या बिलातच असते. त्यावर ‘ऑटो पार्ट्स’ एवढे दोनच शब्द असले, तर शुल्क कोणत्या शीर्षकाखाली (म्हणजे सीमाशुल्काच्या दरपत्रकातल्या मालाच्या कोणत्या चार आकडी वर्गाखाली) लागावे हे कोणालाच धड कळत नाही.

गाडीत बसतो म्हणून प्रत्येक भाग 8708 या गाडीच्या भागांच्या शीर्षकात जात नाही. क्लच प्लेट, बंपर, शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिथे जातात. बॉल किंवा रोलर बेअरिंग 8482 मध्ये, फ्युएल पंप 8413 मध्ये, ऑइल फिल्टर 8421 मध्ये, पिस्टन 8409 मध्ये, हेडलाइट 8512 मध्ये. वैयक्तिक वापरासाठी विमानाने किंवा टपालाने आलेल्या मालाला 9804 हे निराळेच शीर्षक लागू शकते आणि त्याचा दरही निराळा. म्हणून विक्रेत्याकडून बिलावर भागाचे नाव, पार्ट नंबर, नग, कोणत्या गाडीचा आणि नवा आहे की वापरलेला, हे सगळे लिहून घ्यावे.

आता हिशेब. क्लच प्लेट 20,000 रुपयांची आणि विमानाचे भाडे 9,000 रुपये धरू. सीमाशुल्काच्या मूल्यांकन नियमांप्रमाणे विमानभाडे मालाच्या किमतीच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाही, म्हणजे इथे 4,000 रुपयेच. विम्याचा आकडा नसेल तर 1.125 टक्के, म्हणजे 225 रुपये. शुल्कासाठी मूल्य झाले 24,225 रुपये. त्यावर मूळ सीमाशुल्क 15 टक्के, त्या शुल्काच्या 10 टक्के समाजकल्याण अधिभार आणि मूल्यासह या सगळ्यांच्या बेरजेवर 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. एकूण सुमारे 9,077 रुपये, म्हणजे मूल्याच्या 37.47 टक्के. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी आयजीएसटी 28 टक्के होता, तेव्हा हेच प्रमाण 49.12 टक्के होते. जुना आकडा डोक्यात ठेवून आजही अनेक जण अंदाज बांधतात. बिलावर भाडे वेगळे न दाखवता 29,000 अशी एकच रक्कम लिहिली असेल, तर त्याच प्लेटवर जवळजवळ 1,800 रुपये जास्त जातात. भाड्याची ओळ वेगळी हवी ती यासाठी. ब्रिटनमधून माल मागवताना तिथला 20 टक्के व्हॅट हा विक्रीवरचा करही बिलातून वगळायला सांगावे. निर्यातीवर तो लागत नाही, आणि किमतीत राहिला तर त्यावरही आपल्याकडे शुल्क बसते.

‘गिफ्ट लिहून पाठवा’ हा सल्ला तर कोणी ऐकूच नये. भेट म्हणून शुल्कमाफी मागून टपाल-कुरिअरने येणारी आयात डिसेंबर 2019 पासून बंद आहे. अपवाद फक्त राखी आणि जीवरक्षक औषधांचा. किंमत कमी दाखवणे त्याहून वाईट, कारण मग माल जप्तीला जातो आणि वर दंड बसतो. जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांना भंगारातला मूळ पार्ट हवाहवासा वाटतो, पण वापरलेल्या मालाची आयात परवान्याशिवाय करता येत नाही. नव्या टायरांवरही जून 2020 पासून निर्बंध आहेत. पैसे पाठवण्याआधी एवढे तरी पाहावे.

पार्ट चुकीचा किंवा सदोष निघाला की लोक घाईने तो कुरिअरने परत पाठवून मोकळे होतात. तिथेच भरलेल्या शुल्काचा परतावा बुडतो. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 26अ खाली माल सीमाशुल्कातून सुटल्यापासून साधारणपणे 30 दिवसांत, न वापरता, तोच माल असल्याची ओळख पटवून परत निर्यात करावा लागतो. ती मुदत हुकली तर कलम 74 खाली न वापरलेल्या मालावर 98 टक्के शुल्क परत मिळू शकते. दोन्हींसाठी शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचे सीमाशुल्क कागदपत्र, आणि तपासणी हवी. नुसती कुरिअरची पावती चालत नाही. त्यामुळे खोका, लेबल, पार्ट नंबर जपून ठेवावेत.

शीर्षक चुकले असे नंतर लक्षात आले तर नुसत्या परताव्याच्या अर्जाने पैसे मिळत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालानंतर आधी शुल्काची आकारणीच बदलून घ्यावी लागते, आणि अपिलाची मुदत 60 दिवसांची. पण ग्राहकाच्या हाती शीर्षकच नसेल तर तो अपील कशावर करणार? आमची मागणी साधी आहे. ग्राहकाच्या वतीने शुल्क भरण्याआधी कुरिअर कंपनीने त्याला शीर्षक, धरलेले मूल्य, प्रत्येक कराची रक्कम आणि स्वतःचा सेवाआकार वेगवेगळा लिहून पाठवावा, त्याची संमती घ्यावी आणि माल देताना बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयातीच्या सीमाशुल्क कागदपत्राची, प्रत हाती ठेवावी. सीमाशुल्क मंडळाने हे बंधनकारक करावे.

— कस्टम क्लिअरिंगच्या व्यवसायातील काही जण, मुंबई