तबकडी दिसली? आधी दिशा सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावावर भरदुपारी चकाकती वस्तू दिसल्याची बातमी आपण गेल्या आठवड्यात छापलीत. मथळ्यात ‘परग्रहवासी?’ आणि पुढे ठसठशीत प्रश्नचिन्ह. बातमीतून कळले ते एवढेच की वस्तू ‘ताटाएवढी’ होती, ‘प्रचंड वेगाने’ गेली आणि ‘ग्रामस्थांत कुतूहल’ आहे. कुठल्या दिशेला, किती वाजता, किती वेळ, डोक्यावर की क्षितिजालगत, वारा कुठून होता, यातले अक्षर नाही.

माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. आधी साखळी, मग थिओडोलाइट, निवृत्तीच्या आसपास टोटल स्टेशन. त्यामुळे ‘ताटाएवढी’ वाचले की पहिला प्रश्न येतो, ताट किती अंतरावरचे? हातात धरलेले ताट, समोर ताठ धरलेल्या मुठीच्या मापाने, आकाशाच्या तीन मुठी झाकते. तेच ताट मैलभर दूर नेले तर दिसणारही नाही. अंतर माहीत नसताना आकार सांगता येत नाही आणि आकार माहीत नसताना अंतर. वेगाचे तर बोलायलाच नको.

हा विषय हसण्यावारी न्यावा असे मला वाटत नाही, विशेषतः दिवसा दिसलेल्या वस्तूंचा. रात्री शुक्र, गुरू, उपग्रह, विमानाचे दिवे असे शंभर उमेदवार असतात. उजेडात वस्तूला कडा असते, सावली असते, मागे डोंगर किंवा ढग असतो. अमेरिकन हवाई दलाचे सल्लागार असलेले खगोलशास्त्रज्ञ ॲलन हाइनेक यांनी १९७२ मध्ये अशा घटनांची वर्गवारी केली, तेव्हा दिवसा दिसणाऱ्या तबकड्यांचा वेगळा गट ठेवला तो उगाच नव्हे. अशा नोंदी तपासण्याचा ‘ब्लू बुक’ प्रकल्प त्या हवाई दलाने १९६९ मध्ये गुंडाळला, तोवर १२,६१८ नोंदी जमल्या होत्या आणि त्यांतल्या ७०१ प्रकरणांचा उलगडा झाला नव्हता.

या सगळ्याची सुरुवात ज्या प्रकरणापासून मानतात, तेही भरदुपारचेच. २४ जून १९४७. वॉशिंग्टन राज्यात केनेथ अर्नोल्ड नावाचा व्यापारी स्वतःचे छोटे विमान घेऊन निघाला होता. एक लष्करी विमान बेपत्ता होते, ते शोधणाऱ्याला पाच हजार डॉलरचे बक्षीस होते, तेव्हा वाकडी वाट करून तेही बघावे असा बेत. तीनच्या सुमारास माउंट रेनियरकडून डोळ्यांवर लखकन प्रकाश आला आणि नऊ चकचकीत वस्तू रांगेने दक्षिणेकडे जाताना दिसल्या. यापुढे त्या गड्याने जे केले ते मोजणीदाराला भावणारे आहे. काचेवरचा कवडसा नसेल ना, म्हणून विमान वळवून खिडकी उघडली. रेनियर ते ॲडम्स या दोन शिखरांमधला त्यांचा प्रवास घड्याळ लावून मोजला, तो भरला १ मिनिट ४२ सेकंद. नकाशावर अंतर सुमारे ४७ मैल. म्हणजे ताशी सोळाशे मैलांच्या वर, आणि ध्वनीचा वेग ओलांडणारे पहिले विमान उडायला अजून चार महिने होते! शिवाय त्यांतली एक वस्तू एका सुळक्यामागे क्षणभर दिसेनाशी झाली, हेही त्याने सांगून ठेवले.

माझ्या मते सगळ्या कथेत मोलाचा तपशील हा शेवटचा. वस्तू खरोखर सुळक्याच्या पलीकडून गेली असेल, तर ती निदान तेवढी दूर होतीच, आणि मग वेगाचा हिशेब टिकतो. तो भास असेल, तर त्या वस्तू विमानाजवळून उडणारे पेलिकन पक्षीही ठरू शकतात, आणि तसे म्हणणारे आहेत. निकाल आजही लागलेला नाही. पण वाद घालायला हाताशी काही आहे ते एका माणसाने घड्याळ आणि डोंगर पाहिला म्हणून. आपल्या बातमीतल्या वस्तूबद्दल वादही घालता येत नाही.

दुसरे प्रकरण जिवावर बेतलेले. ७ जानेवारी १९४८ रोजी केंटकीत दुपारी लोकांना आकाशात एक पांढरी, भली मोठी वस्तू दिसली. कॅप्टन थॉमस मँटेल विमान घेऊन तिच्या मागे लागला. त्याच्याकडे प्राणवायूची सोय नव्हती. सोबतचे वैमानिक मागे फिरले, तो चढतच राहिला आणि विमान कोसळून गेला. अधिकाऱ्यांनी आधी शुक्राचे नाव पुढे केले. शुक्र दिवसाही दिसतो हे खरे, पण नेमके कुठे बघायचे हे ठाऊक असेल तर, आणि तोही बारीक ठिपक्याएवढा. पटण्याजोगा खुलासा नंतर आला. तो बहुधा नौदलाचा ‘स्कायहूक’ फुगा होता, पॉलिथिनचा, सुमारे ३० मीटर रुंद. प्रकल्प गुप्त असल्यामुळे मँटेलला त्याचा पत्ता नव्हता आणि त्याला वर पाठवणाऱ्यांनाही नव्हता.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या वेस्टॉल शाळेत ६ एप्रिल १९६६ रोजी शेकडो मुलांनी आणि शिक्षकांनी दिवसाउजेडी काहीतरी उतरताना पाहिले, तिथेही किरणोत्सर्ग मोजणाऱ्या फुग्याचाच संशय आहे. आपल्याकडे दिल्लीत १५ मार्च १९५१ ला सकाळी फ्लाइंग क्लबच्या पंचवीस जणांनी सिगारच्या आकाराची धातूची वस्तू पाहिल्याची नोंद आहे. न्यूरेंबर्गच्या लोकांनी १५६१ मध्ये सूर्योदयाला गोळे आणि नळ्या लढताना पाहिल्या, त्याचे छापील चित्रपत्रक आजही झुरिकला जपून ठेवले आहे. ते बहुधा सूर्याचे खळे आणि प्रतिसूर्य, म्हणजे सूर्याच्या बाजूला दिसणारे तेजस्वी डाग असावेत.

फुग्यांचा एवढा पाढा वाचण्याचे कारण घरातलेच आहे. हैदराबादेत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र आहे. तिथून सुटणारे पॉलिथिनचे फुगे ५० ते ८५ मीटर व्यासाचे असतात आणि ३० ते ४२ किलोमीटर उंची गाठतात. काम झाले की उपकरणे रंगीत पॅराशूटने खाली येतात, पुष्कळदा सोलापूरच्या वाटेवर. जानेवारी २०२५ मध्ये असाच एक फुगा उपकरणांसह बिदर जिल्ह्यातल्या जलसंगी गावात एका घरावर येऊन पडला आणि गावाची पाचावर धारण बसली. आपल्या कोल्हापूरचे जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ४१ किलोमीटरवरच्या हवेचे नमुने आणवले, तेही हैदराबादच्या फुग्यातूनच. वर सजीव आहेत का ते बघण्यासाठी सोडलेला फुगा खालच्या माणसाला परग्रहावरचा वाटावा, यात काय नवल?

मी कागदावर हिशेब करून पाहिला. फुगा कलबुर्गीवर ३५ किलोमीटर उंच असेल, तर बेळगावहून तो ईशान्येला, क्षितिजापासून जेमतेम अर्धी मूठ वर येतो. दुपारच्या धुरकट हवेत तो हाती लागणार नाही. पहाटे मात्र आपल्याकडे अंधार असताना त्याच्यावर ऊन पडलेले असेल, तेव्हा लुकलुक न करणारा ठिपका म्हणून दिसायला हरकत नाही. म्हणून खानापूरच्या दुपारच्या वस्तूवर हा खुलासा मी चिकटवत नाही. तिथे दुसरे पुष्कळ आहे. बेळगावचा सांबऱ्याचा विमानतळ १९४२ पासूनचा, शिवाय हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र. गोव्यातली नौदलाची लढाऊ विमाने. पणजीहून पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचला सुटणारा हवामान खात्याचा फुगा, जो वर जाता जाता फुगत जातो. उन्हात वळताना पांढरीशुभ्र चमकणारी घार. आणि यांपैकी काहीच नसेल, तर तेही छापावे. ७०१ मध्ये एकाची भर पडली म्हणून आभाळ कोसळत नाही.

तेव्हा विनंती अशी. एक, हैदराबादच्या फुग्यांच्या मोसमात संस्था जी सूचना काढते, ती चौकटीत छापावी. मराठीतही. आमच्या सीमाभागात भाषेचा विषय निघाला की गाडी भलत्याच स्टेशनला जाते, म्हणून इथेच थांबतो. पण शेतात पडलेल्या पेटीला हात लावू नये, पोलिसांना कळवावे, एवढे तरी शेतकऱ्याला त्याच्या भाषेत कळायला हवे.

दुसरे, आपल्या वार्ताहरांनी बघणाऱ्यांना चार प्रश्न जरूर विचारावेत. उंची अंशात सांगता येत नसेल तर मुठीत विचारा. हात ताठ धरला की मुठीची रुंदी सुमारे १० अंश, करंगळीची एक आणि पौर्णिमेचा चंद्र अर्धा. वस्तू करंगळीमागे लपली असती का, हे आमच्या येळ्ळूरची म्हातारीही सांगेल. आणि मुख्य म्हणजे ती राजहंसगडाच्या अलीकडून गेली की पलीकडून, ढगाच्या खालून की वरून, हे विचारा.

वाचकांनाही एक सांगणे. असा व्हिडिओ काढताना झूम करू नका. झूम केले की उरतो तो निळ्यावर थरथरणारा पांढरा डाग, आणि त्याचे कोणीच काही करू शकत नाही. चौकटीत विजेचा खांब, देवळाचा कळस, घराचे छप्पर, काहीतरी राहू द्या. व्हिडिओ संपल्यावर जागचे हलू नका, आधी पायाखाली खूण करा. तिथे उभे राहून कोन मोजायला मी माझ्या खर्चाने येईन.

आपला,
एक निवृत्त मोजणीदार
टिळकवाडी, बेळगाव